आसनाच्या चामड्याचा रंगपालट

मोटार-सायकलीचें इंजिन बिघडलें तर ती जागची हलत नाहीं, चाकांतली हवा गेली तर ती वाटेंत उभी राहते. पण तिच्या आसनाचा रंग मालकाच्या मनांतून उतरला, तर गाडीचें कांहींच अडत नाहीं. अडतें तें मालकाचें. ज्या वस्तूवर रोज बसावयाचें ती डोळ्यांसही रुचावी, ही इच्छा लहानशी खरी. परंतु ती पुरी करावयास निघालेला मनुष्य पुष्कळदां एक चांगली वस्तु कायमची बिघडवून बसतो. याचें कारण असें कीं, रंग म्हणजे वरून चढविण्याचा एक लेप, अशी त्याची समजूत असते. भिंतीला चुना, दाराला तेलरंग, तसाच चामड्याला रंग, असा तो हिशेब करितो. चामड्याचा हिशेब निराळा आहे. तो निराळा कां, आणि आसनाच्या कडेचें चामडें, त्याचे गोट व पट्ट्या यांचा रंग पालटावयाचा झाल्यास कोणत्या क्रमानें व कोठवर जावें, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

मोटार-सायकल ही सायकलीची लेक, तर तिचें आसन हें घोड्याच्या खोगिराचें नातवंड होय. जर्मनींत १८८५ सालीं गोटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनीं लांकडी दुचाकीवर इंजिन बसविलें, तेव्हां स्वारासाठीं त्यांनीं वर चामड्याचें खोगीरच ठेविलें. इंजिनाची तापलेली नळी नेमकी त्याच्या खालीं आली, आणि पहिल्याच फेरींत आसनानें पेट घेतला, असें नमूद आहे. इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें १८६६ सालीं निघालेली ब्रुक्स कंपनी आरंभीं घोड्यांचा चामडी साज करीत असे. १८८२ सालीं तिनें सायकलीच्या चामडी खोगिराचें पेटंट मिळविलें, आणि पुढें मोटार-सायकलींसाठींही आसनें केलीं. साज तोच राहिला. फक्त त्याखालचा घोडा बदलला.

महाराष्ट्रांत हा संबंध शब्दांतच उरला आहे. 'जीन' हा खोगिराला फारसी शब्द. तें करणारा तो जीनगर. कातडें कमावण्याचें काम ढोर समाजाकडे, वहाणा व मोटा शिवण्याचें चांभारांकडे, आणि खोगिराचें जीनगरांकडे, अशी ही वांटणी होती. स्वाराची मांड, शेतकऱ्याची मोट आणि वाटसरूची वहाण या हातांच्या विद्येवर चालत. यांतले जे हात मेलेल्या जनावराचें कातडें सोलीत व कमावीत, त्यांना गांवानें वेशीबाहेर ठेविलें. त्यांनीं तयार केलेली वस्तु मात्र बिनदिक्कत घरांत घेतली. चामडें रंग कसें घेतें व कां सोडतें, हें ज्ञान त्यांना पिढ्यान्‌पिढ्या हातांनीं झालेलें होतें. त्या ज्ञानाची किंमत न कळल्यामुळेंच बाजारांतून एक बाटली आणली म्हणजे काम झालें, असें पुष्कळांस वाटतें.

चामड्याचा रंग समजावयाचा तर चामडें म्हणजे काय तें आधीं समजलें पाहिजे. कच्चें कातडें हें मुख्यतः तंतूंचें एक दाट जाळें असतें. तें तसेंच ठेविलें तर कुजतें, वाळविलें तर लांकडासारखें कडक होतें. कमावणें म्हणजे त्या तंतूंना असें कांहीं द्रव्य धरावयास लावणें, कीं ज्यामुळें तें कुजणार नाहीं व लवचीकही राहील. जुन्या रीतींत हें द्रव्य झाडांपासून मिळे : बाभळीची व तरवडाची साल आणि हिरड्याचें फळ यांत जो तुरट अंश असतो, तो आठवडेच्या आठवडे कातड्यांत मुरवीत. कोल्हापुरी वहाणेचा मधासारखा रंग हा कोणी वरून दिलेला नव्हे. साल आणि हिरडा यांनीं कमावतांनाच तो अंगीं आणिलेला असतो. २०१९ सालीं या वहाणेला महाराष्ट्रांतील चार व कर्नाटकांतील चार जिल्ह्यांची वस्तु म्हणून भौगोलिक मानांकन मिळालें.

दुसरी रीत धातूच्या क्षाराची. जर्मन रसायनज्ञ फ्रीडरिख क्नाप यानें १८५८ सालीं क्रोमियमच्या क्षारांनीं कातडें कमावतां येतें हें दाखविलें, आणि १८८४ सालीं अमेरिकेंत ऑगस्टस शुल्ट्झ यानें व्यवहारांत चालेल अशा कृतीचें पेटंट घेतलें. सालीच्या कामाला आठवडे लागत, तें यानें थोडक्या दिवसांत होऊं लागलें. असें चामडें मऊ, हलकें व उष्णतेला टिकणारें असतें. मात्र त्याचा मूळचा रंग निळसर असतो, म्हणून त्यास दुसरा रंग द्यावाच लागतो. आज जगांतील बहुतेक चामडें या रीतीचें आहे. तेव्हां एकाच तपकिरी रंगाचीं दोन आसनें शेजारीं उभीं असलीं, तरी एकाचा रंग त्याच्या जन्माचा असूं शकेल आणि दुसऱ्याचा पांघरलेला. डोळ्यांस दोन्ही सारखींच. रंग बदलूं पाहणाऱ्यास मात्र दोन्ही अगदीं भिन्न.

याहून मोठा घोंटाळा तिसऱ्या वस्तूचा. 'रेक्झिन' हें मूळ इंग्लंडांतील एका कापडी मालाचें व्यापारी नांव. कापडावर रासायनिक लेप देऊन त्यावर चामड्यासारखा दाणा उठवीत. हल्लींचें रेक्झिन प्लॅस्टिकच्या लेपाचें असतें, आणि भारतांतील मोटार-सायकलींचीं बहुतेक आसनें याचींच आहेत. जुन्या इंग्रजी गाडीचें स्प्रिंगांवर बसविलेलें खोगीर, किंवा मालकानें मुद्दाम करवून घेतलेलें आसन, यांवरच खरें चामडें सांपडतें. आणि कित्येकदां बैठक रेक्झिनची व कडेचे गोट तेवढे चामड्याचे, असाही प्रकार असतो. प्लॅस्टिकच्या लेपांत चामड्याचा रंग मुरूं शकत नाहीं. तो वर राहतो, आणि पहिल्या पावसांत स्वाराच्या कपड्यांवर उतरतो.

म्हणून पहिली पायरी रंगाची नव्हे, ओळखीची. आसन गाडीवरून उतरवून उलटें करावें आणि दुमडून ठोकलेल्या कडेची आंतली बाजू पाहावी. तेथें विणलेलें कापड दिसलें तर तें रेक्झिन. मखमलीसारखे गुंतलेले तंतु दिसले तर तें चामडें. पुढें कापलेल्या कडेकडे निरखावें. आंतला गाभा निळसर-राखी असेल तर क्रोमचें, तांबूस-तपकिरी असेल तर बहुधा सालीचें. मात्र रंग आरपार गेलेला असल्यास ही खूण लागू पडत नाहीं. तेव्हां दुमडींतला नखाएवढा तुकडा कापून उकळत्या पाण्यांत टाकावा, ही कारखान्यांतली जुनी कसोटी आहे : सालीचें चामडें तत्काळ आकसून वळतें, चांगलें क्रोमचें जसेंच्या तसें राहतें. शेवटीं वरच्या बाजूस पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो शोषला जाऊन डाग काळवंडला तर चामडें उघडें आहे व रंग पिईल. थेंब मोत्यासारखा बसून राहिला, तर वर कारखान्याचा लेप आहे, आणि तो असेपर्यंत रंगाला आंत वाट नाहीं.

आतां रंग आंत जाऊन काय करितो तें पाहावें. चामडें, लोंकर व रेशीम हीं तिन्ही प्राण्यांच्या अंगचीं, एकाच घराण्यांतल्या द्रव्यांचीं बनलेलीं. म्हणून जे रंग लोंकरीला व रेशमाला घट्ट धरतात त्यांतले पुष्कळ चामड्यालाही धरतात. १८५६ सालीं लंडनमध्यें विल्यम पर्किन या १८ वर्षांच्या मुलाच्या हातीं कोळशाच्या डांबरापासून निघालेल्या द्रव्यांतून जांभळा रंग आला, आणि तेथून कृत्रिम रंगांचा जो ओघ सुरू झाला त्यांत चामडेंही रंगलें. असा रंग तंतूंना जाऊन चिकटतो. तो पारदर्शक असतो. म्हणजे खालचा रंग झांकीत नाहीं, त्यांत भर घालतो. या एका गुणांत सर्व रहस्य आहे. हळदीवर कुंकू चढतें. कुंकवावर हळद चढत नाहीं. फिकट तपकिरी चामडें गडद तपकिरी होईल, तांबूस होईल, काळें होईल. काळें चामडें मात्र मुरणाऱ्या कोणत्याही रंगानें तपकिरी होणार नाहीं. फिकटाकडून गडदाकडे जाण्याची ही वाट एकेरी आहे. तीवर पाऊल टाकण्यापूर्वीं मालकानें विचार करावा, कारण परत फिरावयास तेथें जागा नाहीं.

सालीच्या चामड्याला काळें करण्याची एक प्राचीन युक्ति तर रंगावांचूनच होते. लोखंडी कढईंत भिजविलेला आंवळा काळा पडतो, हें प्रत्येक घरांत ठाऊक आहे; हिरडा व हिराकस यांपासून शाई करीत, हेंही जुन्या लोकांना ठाऊक होतें. तुरट द्रव्य आणि लोह एकत्र आलें कीं काळा रंग जन्मास येतो. सालीच्या चामड्यांत तुरट द्रव्य मूळचेंच भरलेलें असतें. त्यावर लोहाचें पाणी फिरविलें म्हणजे तें डोळ्यांदेखत काळें होतें, आणि हा काळेपणा बाहेरून आलेला नसून आंतच तयार झालेला असल्यामुळें सहसा कपड्यास लागत नाहीं. मात्र लोहाचें पाणी आम्ल असतें, आणि त्याचा अतिरेक झाला तर चामडें कांहीं वर्षांनीं ठिसूळ होऊन तडकतें. म्हणून तें विरळ घ्यावें, नंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानें हलकेंच पुसावें, आणि वाळल्यावर तेल द्यावें. क्रोमच्या चामड्यांत तुरट द्रव्य नसतें. तेथें ही युक्ति चालत नाहीं.

याच नियमाची दुसरी बाजू पावसाळ्यांत दिसते. आसनाच्या कडेस लोखंडी खिळे किंवा गंजलेली रिवेट असली, कीं भिजल्यावर तिच्याभोंवतीं काळें वलय उठतें. तें मळ समजून साबणानें कितीही घासलें तरी जात नाहीं, कारण तो मळ नव्हे, ती शाई आहे. लिंबाच्या रसानें किंवा ऑक्झॅलिक आम्लाच्या विरळ पाण्यानें तें फिकें होतें. अर्थात् मागाहून स्वच्छ पाण्यानें पुसून घेतलें पाहिजे, आणि ऑक्झॅलिक आम्ल विषारी असल्यामुळें मुलांपासून दूर ठेविलें पाहिजे. मूळचा गंजका खिळा काढून पितळेचा बसविला नाहीं, तर पुढच्या पावसांत वलय परत येतें.

पुष्कळदां मालकास रंगपालट नको असतो, फक्त नवेपणाचा फिकटपणा जावयास हवा असतो. त्यानें रंगाची बाटली उघडूंच नये. सालीचें उघडें चामडें ऊन खातें तसें आपोआप पिकतें, आणि तेल दिलें कीं आणखी गडद होतें. गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलें तेल यासाठीं सर्वत्र प्रसिद्ध आहे. एरंडेलाचाही चामड्यासाठीं जुना उपयोग आहे. फडक्यानें अगदीं पातळ हात द्यावा, एक रात्र थांबावें, आणि हवें तर दुसरा द्यावा. एकदम ओतलेलें तेल डाग पाडतें, शिवणींतून खालच्या गादींत उतरतें, आणि चामडें इतकें सैल करितें कीं त्याचा ताण जातो. ताणावर बसविलेल्या खोगिराला तर हें मारकच आहे. थोडें तेल, थोडें ऊन आणि एक मोसम एवढ्या भांडवलावर जो रंग येतो, तो कोणत्याही बाटलींत मिळत नाहीं.

खरोखरच रंग द्यावयाचा ठरला, तर काम असें करावें. आसन गाडीपासून वेगळें करावें. शक्य असेल तर गोट व पट्ट्याही उसवून सुट्या कराव्यात. तें शक्य नसेल तर धातूचे भाग व शेजारचें कापड कागदानें झांकावें. मऊ साबणाच्या फेंसानें, कमींत कमी पाण्यानें, घाम व मेणचट मळ काढावा. जो रंग मळावर बसतो तो मळाबरोबर जातो. सावलींत पुरतें वाळूं द्यावें; उन्हांत किंवा विस्तवाजवळ कधींही नाहीं. मग रंगाचें स्पिरीट किंवा अ‍ॅसिटोन फडक्यावर घेऊन वरचा मेणाचा वा लाखेसारखा थर हलक्या हातानें उतरवावा. यानंतर पुन्हां पाण्याचा थेंब ठेवून पाहावा. शोषला गेला तर वाट मोकळी झाली.

रंग प्रथम दुमडीच्या आंतल्या भागावर लावून एक दिवस थांबावें. ओला रंग नेहमीं गडद दिसतो. वाळल्यावर जो दिसेल तो खरा. पसंत पडल्यास लोंकरीच्या बोळ्यानें, गोल गोल हात फिरवीत, पातळ थर द्यावा. एका जाड थरापेक्षां तीन पातळ थर केव्हांही बरे, कारण जाड थराचा आंत न मुरलेला अंश वर भुकटीसारखा राहतो आणि तोच पुढें कपड्याला लागतो. प्रत्येक थर वाळूं द्यावा आणि कोरड्या फडक्यानें घासून सुटा रंग काढून टाकावा. शिवणीजवळ बोळा जवळजवळ कोरडा असावा; दोरा रंग ओढून घेतो आणि भलत्या ठिकाणीं नेतो. सुती दोरा चामड्याबरोबर रंगेल, पॉलिएस्टरचा रंगणार नाहीं. काळ्या गोटावर पांढरा दोरा उठून दिसावयास नको असेल, तर दोराही बदलण्याची तयारी ठेवावी. सर्व वाळल्यावर अल्प तेल द्यावें, कारण स्पिरिटानें चामड्याचा स्निग्धपणा नेलेला असतो. आणि शेवटीं मधमाशीच्या मेणाचा हात देऊन घासावें.

यानंतरची कसोटी चुकवूं नये. पांढरें फडकें प्रथम कोरडें व मग ओलें करून रंगविलेल्या भागावर वीस वेळां जोरानें घासावें. फडक्यावर रंग आला तर काम संपलेलें नाहीं. पुन्हां घासून सुटा रंग काढावा. खुर्चीच्या पाठीवरचें चामडें जें सहन करितें त्याच्या कितीतरी पट मोटार-सायकलीचें आसन सहन करितें. स्वार त्यावर सरकतो, खड्ड्यांत आपटतो, घामेजतो, पावसांत भिजतो. खुर्चीवर शोभलेला रंग आसनावर टिकेलच असें नाहीं.

क्रोमच्या आणि कारखान्यांत लेप दिलेल्या चामड्याची गोष्ट वेगळी. तेथें मूळचा रंगही बव्हंशीं लेपाचाच असतो, म्हणून पालटही लेपानेंच होतो. हा लेप अपारदर्शक भुकटी आणि ती धरून ठेवणारें लवचीक द्रव्य यांचा असतो; त्यानें काळ्याचें तपकिरी, तपकिरीचें पिवळट असेंही करतां येतें. एकेरी वाटेला ही एवढी एक पळवाट आहे, पण तिचा कर भारी आहे. लेप दाण्याचें सौंदर्य बुजवितो. रोज वांकणाऱ्या जागीं तडकतो. आणि जेथें तडकतो तेथून खालचा काळा रंग रेघेरेघेनें डोकावूं लागतो. लेप द्यावयाचाच तर जुन्या लेपाची चकाकी नीट उतरवून, अतिशय पातळ थरांनीं, आणि मूळच्या रंगाच्या जवळपासचाच रंग निवडून द्यावा. रंग उडविणाऱ्या क्लोरीनच्या पुडीनें काळें चामडें पांढरें करूं पाहणें हा तर शुद्ध घात होय. ती पूड रंगाआधीं तंतूच खाते.

या कामांत जिवाशीं गांठ पडण्याचेही प्रसंग आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्सांत व अमेरिकेंत वैद्यांच्या दृष्टीस एक विचित्र प्रकार येऊं लागला. धडधाकट माणसें व मुलें एकाएकीं घेरी येऊन पडत, ओंठ व नखें निळीं होत. शोध घेतां आढळलें कीं, त्यांचे पिवळे-तपकिरी जोडे नुकतेच काळे रंगविलेले होते व ते पुरते वाळण्यापूर्वींच पायांत घातले गेले होते. त्या रंगांत अनिलीन किंवा नायट्रोबेन्झीन असे. तें कातडींतून रक्तांत शिरून रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्तिच हिरावून घेई. तसे रंग आतां जोड्यांना वापरीत नाहींत. पण त्यांतला बोध जुना झालेला नाहीं. कांहीं अ‍ॅझो रंगांतून कर्करोग उत्पन्न करणारीं द्रव्यें सुटतात, म्हणून युरोपीय संघानें २००२ सालीं अंगाला लागणाऱ्या कापडांत व चामड्यांत त्यांस बंदी घातली. तात्पर्य, ज्या बाटलीवर करणाराचें नांव व घटक लिहिलेले नाहींत ती स्वस्त मिळाली तरी घेऊं नये; हातांत रबरी मोजे घालावे; काम उघड्या हवेंत करावें; आणि रंगविलेल्या आसनावर निदान दोन दिवस कोणासही बसूं देऊं नये.

पेट्रोलविषयीं निराळें सांगावयास हवें, कारण मोटार-सायकलीपाशीं तें हाताशींच असतें आणि चामडें पुसावयास तेंच घेण्याचा मोह होतो. पेट्रोल चामड्याचा सर्व स्निग्धपणा ओढून घेऊन त्यास कागदासारखें करितें, आणि एका ठिणगीनें घर पेटवितें. रंगाचें उरलेलें पाणीही विहिरीजवळ वा ओढ्यांत टाकूं नये. चामड्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्यानें नद्यांची काय दशा होते, हें कानपूरच्या गंगेनें दाखविलेलें आहे. घरच्या एका वाटीनें नदी नासत नाहीं, परंतु संवय नासते.

रंग निवडतांना हवामानाचा विचार क्वचितच होतो. फिकट गोटावर नव्या निळ्या जीनच्या विजारीचा रंग उतरतो व तो मळकट दिसूं लागतो. एवढ्या कारणानें पुष्कळजण गोट काळे करावयास निघतात. कारण खरें आहे. पण नागपूर–चंद्रपूरकडे वैशाखाच्या दुपारीं उन्हांत उभ्या असलेल्या गाडीचें काळें आसन हात ठेववत नाहीं इतकें तापतें. तेथें मध्यम तपकिरी रंग अधिक शहाणपणाचा. निळे डागही तो झांकतो आणि ऊनही काळ्याइतकें पीत नाहीं. कोंकणांत काळजी उन्हाची नसून बुरशीची. तेथें तेलाचा हात कमी व मेणाचा अधिक असावा, आणि पावसाळ्यांत आसन हवेशीर जागीं ठेवावें.

शेवटीं प्रश्न उरतो तो हा कीं, रंग पालटावा कीं चामडें पालटावें? गोट व पट्टी मिळून चामडें हातभरच लागतें. जेथें गडदाचें फिकट करावयाचें आहे, किंवा जेथें जुनें चामडें कोरडें होऊन दुमडतांना तडकत आहे, तेथें रंगाची सर्व खटपट वायां होय. तेथें जुनी पट्टी नमुन्यासाठीं उसवून कारागिराकडे जावें आणि हव्या त्या रंगाचें नवें चामडें बसवून घ्यावें. जुनी पट्टी टाकून देऊं नये. मूळच्या आकाराचा व टांक्यांचा तोच एक लेख असतो. आणि जेथें मूळचें आसन पन्नास-साठ वर्षें स्वारांना वाहून आलेलें आहे, चामडें अद्याप सशक्त आहे, तेथें नुसतें स्वच्छ करून तेल देणें हाच सर्वांत चांगला रंगपालट ठरतो. बसणाऱ्यांच्या मांड्यांनीं घासून, उन्हापावसानें पिकून आलेली ती छटा कोणत्याही कारागिरास नव्यानें देतां येत नाहीं. काळ्या रंगाचा एक हात मात्र ती एका दुपारींत पुसून टाकूं शकतो.

ज्यांनीं हें कसब पिढ्यान्‌पिढ्या जपलें, ते कातड्यावर प्रथम हात फिरवीत, तें वांकवून पाहत, त्याचा वास घेत, आणि मगच त्यास काय मानवेल तें ठरवीत. त्यांच्यापाशीं कसोट्यांचीं पुस्तकें नव्हतीं. पण प्रश्न तेच होते : हें कोणाचें कातडें, कशानें कमावलें, त्याच्या अंगीं आतां किती बळ उरलें आहे. आजही रस्त्याच्या कडेस ऐरण मांडून बसलेला एखादा जुना कारागीर हातांत आलेल्या आसनाची आंतली दुमड आधीं उलटून पाहतो. रंग कोणता द्यावयाचा हें मालकानें सांगावें. तें चामडें तो रंग घेईल कीं नाहीं, हें मात्र त्या कारागिरास विचारावें, त्याचें उत्तर ऐकावें, आणि त्या उत्तराचा मोबदला त्यास रंगाच्या बाटलीहून कमी देऊं नये.